पत्रपेटीचे पथ्य

‘रिपोर्ट ई-मेलने पाठवला आहे,’ असे लॅबमधून सांगितले जाते. घरी मात्र तो आलेला नसतो. पुन्हा फोन होतो, पत्ता अक्षर अक्षर लावून तपासला जातो आणि तो बरोबरच निघतो. लॅबने रिपोर्ट खरोखरच पाठवलेला असतो आणि तो खरोखरच पोचलेला नसतो. मधल्या वाटेवर घडलेले असते ते एवढेच, की ज्येष्ठांच्या ई-मेल खात्यातील जागा संपलेली असते आणि नवे पत्र दारातूनच परत गेलेले असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरातील आरोग्याचा बराचसा कारभार या पेटीत येऊन बसला आहे. रक्ततपासणीचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या भेटीची वेळ, मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची सूचना, दाव्यासंबंधीचा पत्रव्यवहार, औषधांची बिले, बँकेचे उतारे हे सारे आता टपालाने क्वचितच येते. दाराबाहेरची लोखंडी पेटी भरली तर ती डोळ्यांना दिसते. पोस्टमन हाक तरी मारतो. ही पेटी निःशब्दपणे भरते. सूचना येतात, पण त्या इतर शंभर सूचनांच्या गर्दीत हरवतात. म्हणून आहार, निद्रा आणि औषधे यांच्या जोडीला या पेटीच्या पथ्याचाही विचार या सदरात एकदा करणे उचित वाटते. घरोघरी ओळखीचे असलेले जीमेल आपण उदाहरणादाखल घेऊ. इतर सेवांचे तपशील वेगळे असले, तरी तत्त्व तेच आहे.

जागा व्यापते कोण?

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल ही मोफत सेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबी जागा येत असे. आज मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही त्यात मावणार नाही. त्या काळी पत्र वाचून पुसून टाकणे हा रिवाजच होता. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल आणले आणि एकदम १ जीबी, म्हणजे सुमारे ५०० पट जागा देऊ केली. तारखेमुळे अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. पत्रे पुसण्याची आता गरज नाही, हेच त्या सेवेचे आकर्षण होते. आपल्यापैकी अनेकांनी त्याच सुमारास खाते उघडले आणि न पुसण्याची सवय अंगवळणी पडली.

२०१३ साली ही मोफत जागा १५ जीबी झाली. मात्र ती एकट्या ई-मेलची नाही. जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांचा तो सामाईक माळा आहे. १ जून २०२१ पर्यंत ‘हाय क्वालिटी’ या प्रकारात साठवलेली छायाचित्रे या हिशेबात धरली जात नसत. त्या दिवसापासून नव्याने चढणारे प्रत्येक छायाचित्र मोजले जाऊ लागले. पुढे २०२४ च्या सुमारास अँड्रॉइड मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबींत गणला जाऊ लागला. म्हणजे माळा तेवढाच राहिला आणि त्यावर सामान ठेवणारे वाढले.

हे न समजल्याने घराघरांत एक चूक होते. पेटी भरल्याची सूचना आली, की माणूस ई-मेल पुसायला बसतो. दोन दुपारी खर्ची पडतात, डोळे शिणतात, हजारभर पत्रे जातात आणि आकडा जागचा हलत नाही. कारण जागा पत्रांनी व्यापलेलीच नसते. ती व्यापलेली असते सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी, नातवाच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी आणि भजनांच्या ध्वनिमुद्रणांनी. त्यातही एकच चित्रफीत कधी कधी दोनदा साठवली जाते. एकदा व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये आणि दुसऱ्यांदा, मोबाइलमधील व्हॉट्सॲपचा फोल्डरही बॅकअपसाठी निवडलेला असेल तर, गुगल फोटोजमध्ये.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ‘मोबाइल भरला’ आणि ‘खाते भरले’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मोबाइलची जागा हातातल्या यंत्रात असते. खात्याची जागा दूर कंपनीच्या संगणकांवर असते. गुगल फोटोजमध्ये मोबाइलवरील जागा मोकळी करण्याचे एक बटण असते. ते दाबल्यावर छायाचित्रे मोबाइलमधून जातात, खात्यात मात्र राहतात. त्याने मोबाइल हलका होतो, पेटी नाही. उपचार ठरवण्यापूर्वी दुखणे कोठे आहे ते पाहावे, हा नियम इथेही लागू पडतो.

पत्राचे वजन

थोडा हिशेब करू. केवळ मजकूर असलेले, पानभराचे साधे पत्र १० केबीचे धरू. जीमेलमधून एका पत्रासोबत जास्तीत जास्त २५ एमबीच्या फाइली जोडता येतात. म्हणजे अशी एक पूर्ण भरलेली चित्रफीत काढली, की २,५०० साध्या पत्रांची जागा मोकळी होते. उलट बाजूने पाहिले, तर १ जीबी जागेत अशी एक लाख पत्रे राहू शकतात.

या हिशेबात ज्येष्ठांसाठी एक मोठा दिलासा आहे. ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेली, त्यांच्या जुन्या पेटीत त्या पहिल्या वर्षांची पत्रे असतात: तिथल्या थंडीचे वर्णन, पोळ्या कशा करायच्या याची विचारणा, ‘पोचलो’ एवढाच एक शब्द. काहींच्या पेटीत आता हयात नसलेल्या जोडीदाराची, भावंडांची, मित्रांची पत्रे असतात. जागा करायची म्हणून यांतील एकाही पत्राला हात लावण्याची आवश्यकता नाही. आठवणींना फारसे वजन नसते. वजन असते ते जोडलेल्या फाइलींना. आवराआवर म्हणजे आठवणी टाकणे, ही भीती मनातून काढली, की या कामाचा निम्मा भार उतरतो.

आधी आरोग्याची फाइल बाजूला काढा

दिवाळीपूर्वी माळा आवरताना आपण आधी घराची कागदपत्रे आणि दागिन्यांची डबी खाली काढून सुरक्षित ठेवतो, मगच रद्दीला हात घालतो. इथेही तोच क्रम असावा. काहीही पुसण्यापूर्वी पुढील कागद शोधून वेगळे करावेत.

पहिला गट कायम जपण्याचा. यात प्रत्येक दाखल होण्याचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, बायोप्सीचा रिपोर्ट, अँजिओग्राफी आणि टुडी इकोचे रिपोर्ट, तसेच शरीरात बसवलेल्या स्टेंट, पेसमेकर किंवा कृत्रिम सांध्याची माहितीपत्रके येतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीचा एमआरआय करण्यापूर्वी तो कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारले जाते. तेव्हा हा कागद हाताशी असणे फार मोलाचे ठरते. औषधाची ॲलर्जी नोंदवलेला कागदही याच गटात ठेवावा.

दुसरा गट तुलनेसाठी जपण्याचा. जुना ईसीजी हा अनेकांना टाकाऊ वाटतो. परंतु छातीत दुखू लागले असता, नव्या ईसीजीतील बदल आजचा आहे की वर्षानुवर्षांचा, हे डॉक्टरांना जुन्याशी ताडूनच कळते. क्रिएटिनिन आणि एचबीए-वन-सी यांचेही तसेच आहे. एका आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका अधिक बोलते. म्हणून अशा तपासण्यांचे वर्षाकाठी निदान एक-दोन रिपोर्ट राखावेत. जाता जाता सांगायचे, तर ईसीजीचा मूळ कागद उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असेल तर तो काही वर्षांत पुसट होतो. त्याची झेरॉक्स वा छायाचित्र वेळीच काढून ठेवावे.

तिसरा गट विम्याचा. दरवर्षी नवी पॉलिसी आली की जुनी पुसून टाकावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार, आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक असू शकत नाही. तसेच विमा ६० महिने अखंड चालू राहिला, की माहिती दडवल्याच्या कारणावरून, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, दाव्यावर आक्षेप घेता येत नाही. हा अखंडपणा दाखवतात त्या ओळीने ठेवलेल्या जुन्या पॉलिसी. याच कारणाने नूतनीकरणाची सूचना भरलेल्या पेटीच्या दारातून परत जाणे हे सर्वांत महागात पडू शकते. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. तीही उलटली तर वर्षानुवर्षे जमवलेला अखंडपणा तुटतो. विम्याच्या नूतनीकरणाची तारीख म्हणूनच ई-मेलवर विसंबून न ठेवता भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही लिहून ठेवावी.

या तिन्ही गटांतील कागद संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावेत. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना आणि मग तपासणीचे नाव लिहिले, की त्या आपोआप क्रमाने लागतात. या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत मुलगा, मुलगी किंवा विश्वासातील अन्य व्यक्तीकडे असावी. अत्यावश्यक अशा चार-पाच कागदांच्या छापील प्रती घरातील फाइलीत लावाव्यात. मध्यरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते तेव्हा पासवर्ड आठवत नाही. कपाटातील फाइल मात्र शेजारीही आणून देऊ शकतात.

आवराआवरीचा क्रम

हे काम शक्यतो संगणकावर करावे. मोबाइलच्या लहान पडद्यावर बोट चुकून भलतेच पुसले जाण्याचा संभव असतो. चष्मा लावून, अक्षरे मोठी करून, एका वेळी अर्धा तास पुरे. थकलेल्या डोळ्यांनी घेतलेले निर्णय नंतर पश्चात्तापाला कारण होतात.

पहिली पायरी पाहण्याची. जीमेल उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या नावाच्या किंवा छायाचित्राच्या वर्तुळावर दाबावे. १५ जीबींपैकी किती टक्के जागा वापरली, ते तिथे दिसते. त्यावर दाबले की जीमेल, ड्राइव्ह, फोटोज आणि बॅकअप यांचे वेगवेगळे आकडे मिळतात. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, तिथून सुरुवात करावी. तिथेच जागा मोकळी करण्याच्या सोयीत मोठ्या फाइली जोडलेली पत्रे, मोठ्या चित्रफिती आणि टोपलीत पडून राहिलेल्या वस्तू यांच्या याद्या मिळतात. या यादीतून काढलेली गोष्ट परत मिळणार नाही, असे गृहीत धरूनच तिच्यावर खूण करावी.

दुसरी पायरी व्हॉट्सॲपची. सेटिंग्जमध्ये चॅट्स आणि तिथे चॅट बॅकअप असा विभाग असतो. बॅकअपमध्ये चित्रफितींचाही समावेश करण्याचा पर्याय तिथे बंद करता येतो. पुढचा बॅकअप झाला, की मजकूर आणि छायाचित्रे राहतात, चित्रफितींचे ओझे उतरते. मात्र त्यानंतर मोबाइल हरवला वा बिघडला तर त्या चित्रफिती परत मिळणार नाहीत. जपायच्या असतील त्या आधी पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. त्याच वेळी गुगल फोटोजच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपचा फोल्डर निवडलेला आहे का, तेही पाहावे. निवडलेला असल्यास तो बंद करावा.

तिसरी पायरी मोठ्या पत्रांची. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविरामाचे दोन टिंबांचे चिन्ह, मग इंग्रजी दहाचा आकडा आणि ‘एम’ हे अक्षर, असे सारे जागा न सोडता लिहावे. १० एमबीहून मोठी सर्व पत्रे समोर येतात. त्यांत आलेली पत्रे असतात तशीच आपण पाठवलेलीही असतात. लग्नाची छायाचित्रे आपणच दहा नातेवाइकांना वेगवेगळी पाठवली असतील, तर ती दहा वेळा साठलेली असतात. पत्र ठेवून केवळ जोडलेली फाइल काढण्याची सोय जीमेलमध्ये नाही. म्हणून हवी ती फाइल आधी संगणकावर उतरवावी, ती उघडते याची खात्री करावी आणि मगच पत्र पुसावे.

चौथी पायरी छायाचित्रांची. इथे सावधगिरी हवी. बॅकअप झालेले छायाचित्र गुगल फोटोजमधून पुसले, तर ते खात्यातून जाते आणि मोबाइलमधूनही जाते. अस्पष्ट, दुबार निघालेली, पावत्यांची आणि शुभेच्छांची चित्रे काढावीत. कौटुंबिक छायाचित्रांना हात लावण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवर घ्यावीत.

पाचवी पायरी टोपली रिकामी करण्याची. पुसलेले पत्र आधी ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि तिथे ३० दिवस राहते. तेवढे दिवस ते जागा अडवूनच असते. चुकून काही गेले असेल तर तेवढ्या काळात परत आणता येते, ही त्यातील सोय आहे. म्हणून एक-दोन दिवस थांबून, आठवून, मग ट्रॅश स्वतः रिकामा करावा. ‘आर्काइव्ह’ हे बटण मात्र पत्र केवळ समोरून हलवते. त्याने टेबल आवरल्यासारखे दिसते, जागा तसूभरही मोकळी होत नाही. सारे करूनही आकडा लगेच खाली आला नाही तर घाबरू नये. तो बदलायला एखादा दिवस लागू शकतो.

दुकाने, प्रवासकंपन्या आणि ॲप यांची जाहिरातपत्रे जागा फारशी व्यापत नाहीत, पण त्यांच्या गर्दीत कामाचे पत्र दिसेनासे होते. ज्यांच्याकडून आपण कधी खरेदी केली आहे, त्यांच्या पत्रातील ‘अनसबस्क्राइब’ वापरून ती बंद करावीत. अनोळखी पत्रात मात्र कोणत्याही दुव्यावर दाबू नये. ते ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावे.

एवढे करूनही जागा पुरत नसेल, किंवा घरात आजारपण चालू असून आवराआवरीला उसंतच नसेल, तर भाडे भरून जागा वाढवून घेण्यात काहीही गैर नाही. महिन्यापुरती जागा घ्यावी, रिपोर्टांची वाट मोकळी करावी आणि सवडीने साफसफाई करावी. गुगलची भाड्याची जागा कुटुंबातील आणखी पाच जणांत वाटून घेता येते. जागा सामाईक झाली, तरी प्रत्येकाची पत्रे व छायाचित्रे त्याची त्यालाच दिसतात. भाडे थांबले की पूर्वीची मर्यादा परत लागू होते, हे लक्षात असू द्यावे. मर्यादेबाहेरची अवस्था दोन वर्षे तशीच राहिली, तर साठवलेला मजकूर काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे.

‘पेटी भरली’ अशी खोटी हाक

या विषयात सर्वांत मोठा धोका जागेचा नाही, तो फसवणुकीचा आहे. ‘आपली पेटी भरली आहे, २४ तासांत खाते बंद होईल, येथे दाबा’ अशी बनावट पत्रे सर्रास येतात. दुव्यावर दाबले की हुबेहूब खरे दिसणारे पान उघडते आणि पासवर्ड मागते. तो दिला की पेटी परक्याच्या हाती जाते. बँकेचा पासवर्ड विसरल्यावर तो बदलण्याची वाट बहुधा याच पेटीतून जात असल्याने नुकसान पत्रांपुरते थांबत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सूचना कोठूनही येवो, तिच्यातील दुव्यावर कधीही दाबू नये. आपण स्वतः जीमेल उघडावे आणि वर सांगितलेल्या वर्तुळावर दाबून टक्केवारी पाहावी. पेटी खरोखर भरली असेल तर ती तिथेच दिसेल. फोन करून ‘जागा वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला, मोबाइलवर एखादे ॲप घ्यायला लावून आपला पडदा पाहू इच्छिणाऱ्याला आणि ओटीपी विचारणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. पैसे गेलेच, तर संकोचात वेळ न दवडता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. फसणे हा वयाचा दोष नाही. तरुण, शिकलेली माणसेही रोज फसतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची पेटी आवरून देणारे हात बहुधा घाईत असतात. रविवारी अर्धा तास मिळतो, मोबाइल मागून घेतला जातो, ‘हे सगळे कशाला ठेवलेय?’ म्हणत शेकडो पत्रे एकदम निवडून पुसली जातात. हेतू चांगला असतो. पण आपल्याला निरर्थक वाटणारे एखादे पत्र आईने गेली पंधरा वर्षे मुद्दाम ठेवलेले असू शकते. म्हणून शेजारी बसून, यादी त्यांना वाचून दाखवून, ‘हे काढू का?’ असे विचारूनच काढावे. एका बैठकीत काम संपले नाही तरी चालेल. ज्यांच्या हातून एकेक गोष्ट सुटत चालली आहे, त्यांना स्वतःच्या पेटीविषयी विचारले जाणे ही लहान बाब नाही.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे अधिकच जपावे. पुसलेले पत्र ती पुन्हा पुन्हा शोधते आणि न सापडल्याने अस्वस्थ होते. तिथे पुसण्यापेक्षा भाड्याची जागा घेणे कधीही स्वस्त.

नेहमीच्या मदतीसाठी पासवर्ड मागून घेण्याची गरज नाही. संगणकावरील जीमेलच्या सेटिंग्जमध्ये खात्यांसंबंधीच्या विभागात, दुसऱ्या व्यक्तीला आपली पेटी हाताळण्याची परवानगी देता येते. ती व्यक्ती पत्रे वाचू, पाठवू आणि पुसू शकते. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. ज्येष्ठांनी स्वेच्छेने अशी परवानगी दिली, तर पुण्यात राहणाऱ्या आईची पेटी बंगळुरूत राहणारी मुलगीही पाहू शकते. त्याच बैठकीत खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तपासावा. अनेकदा तो बंद पडलेला, किंवा दिवंगत पतीच्या नावावरचा निघतो. खाते अडकले, तर सोडवण्याची किल्ली त्याच क्रमांकावर येते. लॅबमध्ये नाव नोंदवताना ज्येष्ठांच्या पत्त्याबरोबर आपलाही ई-मेल पत्ता द्यावा. एक वाट अडली तरी दुसरी उघडी राहते.

आणखी एक विषय आहे. तो बोलायला अवघड, पण टाळण्यासारखा नाही. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ साली जाहीर केले आहे. दीर्घ आजारपणात वा मृत्यूनंतर पेटी तशीच पडून राहिली, तर तिच्यातील छायाचित्रे आणि पत्रे कायमची जाऊ शकतात. त्यासाठी ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने निष्क्रिय राहिल्यास कोणाला कळवायचे आणि कोणत्या गोष्टी त्यांच्या हाती द्यायच्या, हे आपण हयातीतच ठरवू शकतो. जास्तीत जास्त १० व्यक्तींची नावे देता येतात. मृत्युपत्र करण्याचा विचार ज्यांनी केला आहे, त्यांनी त्याच बैठकीत हेही उरकावे.

या पंधरवड्यात एवढेच

सारे एकदम करू जाऊ नये. पहिल्या दिवशी केवळ टक्केवारी पाहून वहीत लिहावी. ८० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत असावे आणि महिन्यातून एकदा, वीजबिल भरतो त्या दिवशी, पुन्हा पाहावे. त्याहून अधिक असेल तर दुसऱ्या दिवशी आरोग्याची फाइल वेगळी काढावी आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधील चित्रफिती बंद कराव्यात. बाकीच्या पायऱ्या सवडीने, घरातील कोणी सोबत असताना. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू होण्यापूर्वी आणि विम्याच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी मात्र ही टक्केवारी न चुकता पाहावी. त्या दिवसांत येणारे प्रत्येक पत्र पोचणे आवश्यक असते.